उत्तर तेच यायला हवे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लिगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. लिगोच्या अमेरिकेतल्या संगणनात अनेक वर्षे सायंटिफिक लिनक्स वापरात होते. त्याची आठवी आवृत्ती काढणार नाही, असे फर्मीलॅबने २०१९ मध्ये जाहीर केले आणि ३० जून २०२४ रोजी सातव्या आवृत्तीचाही आधार संपला. सेंटओएस ७ ची मुदत त्याच दिवशी संपली. इतक्या मोठ्या प्रकल्पाला जे चुकले नाही, ते वसमतच्या बाजार समितीचा, कळमनुरीच्या पतसंस्थेचा किंवा हिंगोलीतल्या रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना कसे चुकेल? विंडोजवरून लिनक्सवर असो वा जुन्या लिनक्सवरून नव्यावर, स्थलांतर करावेच लागते. ते पूर्ण झाले असे कशावरून म्हणायचे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. सेवा सुरू झाली, लॉगिन झाले, की काम संपले असे आपण धरून चालतो. आमच्या मते एवढा पुरावा पुरेसा नाही. जुन्या आणि नव्या सर्व्हरला तोच प्रश्न विचारल्यावर तेच उत्तर आले, तरच स्थलांतर झाले.

याचे कारण डेटाबेसच्या रचनेतच आहे. कितीतरी गोष्टी तो स्वतः ठरवत नाही, खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर सोडतो. मायएसक्यूएल विंडोजवर टेबलांच्या नावांतला मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा भेद मानत नाही, लिनक्सवर मात्र मानतो. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेला अहवाल नव्या सर्व्हरवर ‘टेबल सापडत नाही’ म्हणून थांबतो. आठव्या आवृत्तीपासून ही सेटिंग इन्स्टॉलेशनच्या वेळीच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही. ही चूक निदान डोळ्यांसमोर येते. पोस्टग्रेएसक्यूएलमधली चूक दिसतच नाही. त्याचा अक्षरक्रम बहुधा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीवरून ठरतो आणि २०१८ मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीत तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. ‘११’ आणि ‘१-१’ हे इंग्रजी अंकांत मजकूर म्हणून नोंदवलेले दोन गट क्रमांक घ्या. इंग्रजी लोकेलमध्ये जुनी लायब्ररी ‘११’ आधी लावते, नवी ‘१-१’ आधी. सेंटओएस ७ वरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या लिनक्सवर ठेवली, तर इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला राहतो आणि शोध नव्या क्रमाने होतो. मग असलेली नोंद सापडत नाही आणि युनिकचे बंधन असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा आत जाऊ शकते.

मराठी माहितीत तर आणखी एक पदर आहे. हिंगोली तालुक्यातले ‘डिग्रस कऱ्हाळे’ हे गाव पाहा. त्यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पोस्टग्रेएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत त्यांना दोन वेगळी गावे समजतो. नवा कीबोर्ड किंवा नवा फॉर्म दुसऱ्या पद्धतीने टंकत असेल, तर त्या गावचा खातेदार शोधात येणार नाही.

फाइल जशीच्या तशी उचलण्याऐवजी डंप काढून रिस्टोअर करावे म्हटले, तर पहिला आक्षेप वेळेचा. फाइल कॉपी तासाभरात होते, डंप आणि रिस्टोअरला रात्र जाते, हे खरे. पण जिल्हा पातळीवरच्या बऱ्याच संस्थांना रात्रीचे काही तास सेवा बंद ठेवणे परवडते आणि रिस्टोअरमध्ये इंडेक्स नव्या क्रमानेच बांधले जातात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांना लॉजिकल रेप्लिकेशनचा मार्ग आहे. फाइलच हलवली असेल, तर मजकुरावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधणे टळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिनक्स कोणालाच येत नसेल, तर तिकडे जावेच कशाला? रात्री दोनला सर्व्हर बंद पडल्यावर तो उठवणारा माणूस नसेल, तर विंडोजचीच आधार असलेली आवृत्ती घेणे शहाणपणाचे, हे आम्ही मान्य करतो. जुन्याच यंत्रणेवर बसून राहण्याला मात्र हे समर्थन होत नाही, कारण मुदत संपलेल्या आवृत्तीत सापडलेली नवी भेग नेहमीच्या अपडेटने बुजत नाही. तिसरा आक्षेप असा, की हे काम पुरवठादाराचे आहे. सर्व्हर तो उभारील, पण कोणत्या गावाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाते आणि मार्चअखेरची बेरीज किती यायला हवी, हे संस्थेतल्या लिपिकालाच ठाऊक असते.

म्हणून स्थलांतराच्या करारात तपासणीचे प्रश्न आधी लिहावेत: प्रत्येक टेबलातल्या नोंदींची संख्या, रकमांच्या बेरजा, नावांच्या क्रमवार याद्या, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेल्या नावांचे शोध. हे प्रश्न संस्थेने ठरवावेत आणि उत्तरे दोन्ही सर्व्हरवरून घेऊन जुळवावीत. फरक निघाला, तर त्याचे कारण लेखी मिळाल्याखेरीज जुना सर्व्हर बंद करू नये आणि पुरवठादाराचा शेवटचा हप्ताही देऊ नये.