हातावरची हाक



परवा शनिवारी आमच्या चौथीच्या वर्गात एक खेळ खेळलो. चिठ्ठी टाकून एका मुलाला निवडलं. त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, कानांत कापसाचे बोळे घातले, वरून मफलर गुंडाळला. नियम एकच : कुणी खांद्याला हात लावला की त्यानं खेळात यायचं. बाकीच्यांनी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या.

भेंड्या अशा रंगल्या म्हणता! दहा मिनिटं झाली, तरी त्याच्या खांद्याला हात लावायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासुद्धा! मीही टाळ्याच वाजवत होते. शेवटी आठवण झाली. रुमाल सोडला, तर बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "बाई, मला वाटलं, तुम्ही सगळे घरी निघून गेलात."

मी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो दहा मिनिटांत सुटला. पण काही माणसांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. त्यांना 'बधिरांध' म्हणतात. काहींना थोडं दिसतं, काहींना थोडं ऐकू येतं. ती माणसं हुशार नसतात का? असतात! अडतं कुठे, तर आपण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

जपानमधल्या सातोशी फुकुशिमा यांची गोष्ट ऐका. नवव्या वर्षी त्यांचे डोळे गेले आणि अठराव्या वर्षी कानही. त्यांना बोलता येई, पण दुसऱ्याचं बोलणं कळणार कसं? ब्रेल म्हणजे उठावाच्या सहा टिंबांची लिपी. ती टंकयंत्रावर सहा कळांनी उमटवतात. १९८१ साली एक दिवस त्यांच्या आईला काही सांगायचं होतं आणि यंत्र हाताशी नव्हतं. तिनं काय केलं? मुलाच्या सहा बोटांनाच सहा कळा मानलं आणि त्यांवर टकटक केलं. मुलाला समजलं! त्या बोटांच्या भाषेवर ते १९८३ मध्ये महाविद्यालयात गेले आणि पुढे टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झाले. शेजारी बसलेला मदतनीस त्यांच्या बोटांवर नुसते शब्द पोचवत नाही. कोण आलं, कोण हसलं, हेही सांगतो. तेव्हा कुठे माणूस गप्पांत सामील होतो.

आपल्या देशातही २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात बधिरांधत्वाची नोंद आहे. पण कायदा काही भेंड्या खेळायला येत नाही. ते काम तुमचं-माझं!

मग काय करायचं? खांद्याला किंवा हाताला हलकेच स्पर्श करायचा. आपण कोण, ते कळू द्यायचं. दंड धरून ओढायचं नाही, त्यांना आपला कोपर धरू द्यायचा. आणि जाताना सांगून जायचं. नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते!

आता जरा घरात बघा. आजोबांना मोतीबिंदू, कानांनाही कमी ऐकू येतं. लग्नात त्यांना पंख्याखाली खुर्ची देतो, ताट आणून देतो आणि विसरून जातो. सगळे हसतात, तेव्हा तेही हसतात. कशाला, ते त्यांना कळलेलं नसतं. पालकांनो, हे आपल्यालाही लागू आहे बरं का!

या आठवड्याचा उपक्रम : मित्राला डोळे मिटायला सांगा. त्याच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर मोठं काढा. एक अक्षर झालं की क्षणभर थांबा. त्याला तुमचं नाव ओळखता येतं का बघा. जमलं की आजोबांजवळ जा आणि सगळे कशाला हसले, ते त्यांच्या हातावर लिहून सांगा.

आमच्या वर्गानं येत्या शनिवारी पुन्हा भेंड्या ठेवल्या आहेत. या वेळी चिठ्ठी नाही. रुमाल मी बांधून घेणार आहे. बघू, माझ्या खांद्याला कोण हात लावतं ते!

तुमच्या,
बाई