सी शिकायची, पण कशावर?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की या स्तंभाकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगी दहावी-अकरावीत आहे, पायथन थोडीफार येते, आता सी शिकावी असे वाटते. तर संगणकावर नेमके काय बसवावे, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतील काय? अमेरिकेतील शाळांत सी सहसा शिकवली जात नाही. हायस्कूलमधील एपी संगणकशास्त्राचा ‘ए’ अभ्यासक्रम जावावर उभा आहे. साहजिकच सीचा विषय घरातूनच निघतो. तो काढणाऱ्या आई-वडिलांची सी मात्र बहुधा नागपूर, औरंगाबाद वा अमरावतीच्या महाविद्यालयात, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर घडलेली असते.

अडचण येथेच सुरू होते. टर्बो सी हा बोरलँड कंपनीने 1987 साली डॉससाठी आणलेला कंपायलर. आजच्या विंडोजवर तो चालवायचा तर डॉसबॉक्समध्ये जुन्या संगणकाची नक्कल उभी करावी लागते. त्यातील ‘इंट’ 16 बिटांचा, म्हणजे 32,767 च्या पुढे त्याची मोजणी संपते. आजच्या नेहमीच्या संगणकावर तोच 32 बिटांचा असून दोन अब्जांच्या पलीकडे जातो. पडदा पुसण्यासाठी ज्या ‘कोनिओ’ हेडरची आपल्याला सवय लागली, ते सी भाषेच्या प्रमाणात कधीच नव्हते. ‘व्हॉइड मेन’चेही तसेच, 1989 च्या प्रमाणानुसार ‘मेन’ने ‘इंट’ परत करावयाचा असतो. परिणामी वडिलांनी आठवून लिहून दिलेला प्रोग्रॅम मुलीच्या संगणकावर कंपाइलच होत नाही, आणि दोष कोणाचा यावर जेवणाच्या टेबलावर वाद रंगतो.

परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असे कालाम सुत्त सांगते. टर्बो सीला हा निकष लावण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. तो आता ठेवून द्यावा. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ घरात असेल तर ते मात्र मुलांना अवश्य द्यावे. जुन्या आवृत्तीतील टर्बो सीपुरते संदर्भ तेवढे वगळावेत.

मग घ्यावे काय? त्याच 1987 साली दुसरा एक कंपायलर जन्मला, तो म्हणजे जीसीसी. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीत काम केलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली होती. जीसीसी त्याचेच अपत्य. तो विनामूल्य आहे, ही त्यातील लहान गोष्ट. त्याची मूळ संहिता कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, बदललेली प्रत दुसऱ्यास देऊ शकतो, ही मोठी. फुकट आणि मुक्त यांतील हा फरक आपल्या घरांत फार समजावून सांगावा लागू नये. ग्रंथ कोणी वाचावा आणि कोणी तो ऐकूही नये, हे ठरवून ठेवलेल्या व्यवस्थेतून आपले आजे-पणजे बाहेर पडले आहेत. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे, उत्तमही आहे. पण ते अवजड आहे, त्याचा ओढा सी प्लस प्लसकडे आहे, आणि ते केवळ विंडोजवर चालते.

नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत एडिटर आणि कंपायलर एकच समजण्यात होते. व्हीएस कोड हा एडिटर आहे; तो बसवला म्हणजे सी चालू लागत नाही, कंपायलर निराळा घ्यावा लागतो. विंडोजवर ही यातायात टाळावयाची असेल तर कोड ब्लॉक्स घ्यावे, आणि डाउनलोड करताना ज्या फाइलच्या नावात ‘मिनजीडब्ल्यू’ आहे तीच निवडावी, कारण जीसीसी तिच्यातच येतो. मॅकवर ॲपलची कमांड लाइन साधने बसवली की काम होते. तेथे ‘जीसीसी’ टंकले तरी प्रत्यक्षात क्लँग धावतो, त्याने नवशिक्यास फरक पडत नाही. शाळेने दिलेल्या क्रोमबुकवर काही बसवण्याची परवानगी बहुधा नसते. तेथे ब्राउझरमध्ये चालणारे ऑनलाइन जीडीबी पुरे. हार्वर्डचा सीएस 50 हा अभ्यासक्रमही घरबसल्या विनाशुल्क करता येतो; त्याचे पहिले काही आठवडे स्क्रॅचनंतर सीवरच आहेत.

आमची स्वतःची पसंती याहून साधी आहे: लिनक्स, जीनी हा छोटा एडिटर आणि टर्मिनलमध्ये हाताने दिलेली जीसीसीची आज्ञा. बटण दाबून प्रोग्रॅम चालतो तेव्हा मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. आज्ञा स्वतः टंकली की आपण लिहिलेला मजकूर आणि यंत्राला कळणारी फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे पहिल्याच दिवशी उमगते. त्या आज्ञेत ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय जोडावयास विसरू नये. ‘स्कॅनएफ’मध्ये चलापुढचे ‘अँड’चे चिन्ह राहिले, तर या पर्यायामुळे जीसीसी ओळ क्रमांकासह इशारा देतो, टर्बो सी अशा वेळी मूग गिळून बसे आणि विद्यार्थी तासन्‌तास चूक शोधत राही. एडिटर आपण होऊन पुढचा कोड सुचवू लागला, तर ती सोय पहिले सहा महिने बंद ठेवावी. मुले कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.

या निवडीमागे आणखी एक कारण आहे. येथे लॅपटॉप चार-पाच वर्षांत ‘जुना’ होतो आणि कपाटात जातो. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती 2 जीबी मेमरीच्या यंत्रावरही चालते, 4 असल्यास सुखाने चालते. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीला जाणारी कुटुंबे चॉकलेटे आणि अत्तरे नेतातच. त्या बॅगेत असा एक लॅपटॉप बसतो. नेण्यापूर्वी त्यातील आपली खासगी कागदपत्रे पुसावीत, मिंट बसवावे, आणि जीसीसी, जीडीबी व जीनी येथूनच उतरवून घ्यावेत, म्हणजे गावी इंटरनेट मंद असले तरी अडणार नाही. चार्जरची पिन तिकडच्या सॉकेटात बसत नाही. जोडपिन सोबत द्यावी. मग न्यू जर्सीतील मुलगी आणि वर्ध्यातील तिचा मामेभाऊ एकच प्रोग्रॅम एकाच कंपायलरवर चालवतील, आणि ‘तुझा इंट किती बाइटांचा?’ या प्रश्नाचे उत्तर दोघांकडे सारखे येईल.