ढेकूण कुणाचे? भाडेकरूचे की मालकाचे?

ढेकणांवर वर्तमानपत्रात काय लिहायचे, असे काहींना वाटेल. पण ज्या घरात रात्री दोन वाजता दिवा लावून लेकरांच्या गोधड्या उलटसुलट कराव्या लागतात, त्या घरातल्या माउलीला विचारा. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, पोरे वर्गात डुलक्या घेतात. तक्रार घेऊन मालकाकडे जावे, तर तो म्हणतो, "तुम्हीच आणलेत. तुम्ही यायच्या आधी इथे असले काही नव्हते." या 'तुम्ही'त काय भरलेले असते, ते आमच्या वाचकांना फोडून सांगायला नको. आडनाव विचारून खोली देणाऱ्याला ढेकूणही आडनाव पाहून येतात असे वाटत असावे!

म्हणून आधी हे पक्के ध्यानात घ्या की ढेकूण घाणीतून जन्मत नाही. तो माणसाच्या रक्तावर जगतो, आणि रक्त सगळ्यांचे सारखेच. जुन्या खाटेतून, ट्रंकेतून, प्रवासाच्या वळकटीतून तो येतो आणि भिंतीच्या भेगांतून, वायरीच्या नळीतून शेजारच्या खोलीत जातो. तुम्ही खाट उन्हात टाका, उकळते पाणी ओता, चार दिवस बरे वाटते. पाचव्या दिवशी तो पलीकडच्या खोलीतून परत येतो. आता ती भेगाळलेली भिंत कुणाची? भाडे घेणाऱ्याची.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने करारात काही वेगळे कबूल केले असेल तर गोष्ट निराळी. या कलमात ढेकूण, झुरळ हे शब्द नाहीत, आणि मालकाचा वकील नेमके तेच दाखवील. म्हणून तक्रारीत नुसते "ढेकूण झाले" असे लिहू नका. भिंतीची भेग, फुटलेली मोरी, तुटकी जाळी, वाळवी लागलेला वासा लिहा आणि त्यामुळे काय शिरते तेही लिहा. दुरुस्ती मालकाची, हे मग त्याला टाळणे अवघड जाते. आपल्या खोलीतले खरकटे, साठवलेली भंगाराची पोती मात्र आपणच काढायची. ते काम मालकावर ढकलण्यात अर्थ नाही.

तक्रार तोंडी करून उपयोग नाही. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस पोच मिळेल अशा रीतीने पोस्टाने पाठवावी आणि नक्कल जपून ठेवावी. त्यानंतर वाजवी मुदतीत मालकाने काही केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. समजा, चाळीत भाडे महिना २०० रुपये आहे. वर्षाचे २,४०० झाले, कापता येतील ६०० रुपये. एवढ्यात गवंडीसुद्धा दारात उभा राहणार नाही. पण वीस खोल्यांनी मिळून नोटीस दिली तर १२,००० होतात, आणि एकत्र दुरुस्तीची सोय कायद्यानेच ठेवली आहे. ढेकूण तरी एकेका खोलीपुरता कुठे राहतो? रागाच्या भरात भाडे मात्र बंद करू नये. थकबाकीचे निमित्त मालकाला हवेच असते.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या आमच्या बांधवांची अडचण मोठी आहे. 'लीव्ह अँड लायसन्स'वाला कायद्याने भाडेकरू ठरत नाही, म्हणून कलम १४ चा आधार त्याला मिळत नाही. तक्रार केली की करार पुढे वाढत नाही, ही धास्ती वेगळीच. अशांनी सामान हलवण्यापूर्वीच खोली दिवसाउजेडी पाहावी, भिंतीचे सांधे आणि मालकाची खाट असेल तर तिचे कोपरे तपासावेत. औषध फवारणीचा खर्च कोण करील, हे करारातच लिहून घ्यावे. सही झाल्यावर मागायला गेलात तर कुणी ऐकत नाही.

उंदीर-घुशींसाठी मालकाबरोबर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातही अर्ज द्यावा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो भोगला आहे.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी खोलीत कधीही ठेवू नका, शेजाऱ्यालाही ठेवू देऊ नका. दमट हवेने त्यातून विषारी वायू सुटतो आणि झोपलेली माणसे पुन्हा उठत नाहीत. फवारणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी. एका फवारणीने भागत नाही. अंडी वाचतात आणि आठ-दहा दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी, तीही लगतच्या सर्व खोल्यांत, हे मालकाकडून आधीच लेखी कबूल करून घ्या.