गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

घरातल्या माणसाला वरचेवर ताप येऊ लागला, तर डॉक्टर आधी विचारतात : ताप कधी येतो? सकाळी की संध्याकाळी? थंडी वाजून येतो का? गाडीच्या दुखण्यात मात्र आपण हे प्रश्न विचारतच नाही. सरळ सुटे भाग बदलत सुटतो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९३ साली कर्ज काढून घेतलेली चार सिलिंडरची, कार्बोरेटरवाली गाडी अजून दारात उभी आहे. मागच्या पावसाळ्यात ती मिसिंग मारू लागली. सुरू व्हायची, पण धक्के खात चालायची. चढ आला की धापा टाकायची. गॅरेजवाल्याने आधी चारही प्लग बदलले. चार दिवस बरे गेले. मग कार्बोरेटर साफ झाला, मग नवी कॉइल आली. दर वेळी दोन-चार दिवस सुखाचे, की पुन्हा मूळ पदावर!

एका पहाटे आप्पांच्याच छातीत दुखू लागले. त्यांना घेऊन निघालो, आणि उड्डाणपुलाच्या ऐन चढावर गाडी बंद पडली. देवाच्या कृपेने रिक्षा मिळाली, दुखणेही पित्ताचे निघाले. पण त्या दिवशी घरात ठरले, गाडी भंगारात काढायची. एकटे आप्पा गप्प होते.

संध्याकाळी त्यांनी आपली पेट्रोलच्या हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली. समासात बारीक अक्षरात लिहिले होते : ‘रात्री पाऊस. सकाळी मिसिंग. दुपारी ठीक.’ अशी नोंद सात वेळा होती. कोरड्या दिवशी एकदाही नाही. दुरुस्तीनंतरचे ते सुखाचे दिवस म्हणजे उघडिपीचे दिवस होते! रोगाचे नाव वहीत होते, आम्ही कुणी विचारलेच नव्हते.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण वेळेवर न पेटणे. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला ३० वेळा ठिणगी पडते. त्यातल्या थोड्या जरी चुकल्या, तरी आपल्याला धक्का जाणवतो. मिश्रण पेटायला तीन गोष्टी लागतात : जोरकस ठिणगी, पेट्रोल-हवेचे योग्य प्रमाण आणि सिलिंडरमधला पुरेसा दाब. दोष या तिघांतच कुठेतरी असतो. कुठे, ते ‘केव्हा’ या प्रश्नावरून कळू लागते.

दमट हवेत मिसिंग होत असेल, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण आधी पाहावे. इंजिन तापल्यावरच होत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. चढावर किंवा वेग घेताना होत असेल, तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. तुंबलेला फिल्टरही पाहावा. फक्त उभ्या गाडीत होत असेल, तर मिश्रणाचे प्रमाण बिघडलेले असते, चिरलेल्या नळीतून जादा हवा शिरत असते, किंवा टॅपेट बरोबर बसलेले नसतात.

काढलेला प्लगही बरेच सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी आहे. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलाने माखलेला प्लग म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत येते आहे. पांढराफटक प्लग म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त.

मग अदलाबदल करावी, पण एका वेळी एकच. दोषी सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग वाईट. जागेवरच राहिला तर वायर बदलून पाहा. तरीही तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. एकदम तीन वस्तू बदलल्या, तर गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही.

आम्ही काय केले? ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींना वही दाखवली. ते रात्री आले, उघड्या अंगणात दिवे मालवून इंजिन सुरू केले आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला. तिसऱ्या वायरीवर निळी ठिणगी लखकन चमकली! लोखंडी पट्टीवर घासून तिचे आवरण चिरले होते. ओल आली की वीज प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळायची. जुन्याच वायरी म्हणून त्यांनी चारही बदलल्या, आणि त्या पट्टीला रबर लावले. प्रयोग जाणत्या माणसानेच करावा, हे मात्र लक्षात ठेवा. त्या वायरींत हजारो व्होल्ट असतात. पदर, ओढणी, सैल बाह्या पंख्याच्या पट्ट्यापासून दूर असाव्यात, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्या धुराने जीव जातो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या मऊ पडल्या किंवा चिरल्या आहेत का, हे वरचेवर पाहावे. नव्या गाड्यांत संगणकच दोषी सिलिंडरचा क्रमांक सांगतो. तेथेही तो भाग लगेच बदलू नका, कारण संगणक जागा सांगतो, कारण नाही. इंजिनचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि तो फार महागात पडतो.

तेव्हा वाचकहो, गाडीत एक छोटी वही ठेवा. तारीख, हवा, इंजिन गार की गरम, चढ की सपाटी, एवढेच लिहा. गॅरेजमध्ये ती आधी दाखवा, किल्ली नंतर द्या.

यंदा पहिला पाऊस झाला त्या सकाळी आप्पा मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले. उड्डाणपूल चढून झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि लिहिले : ‘रात्री पाऊस. सकाळी ठीक.’