अमूर्तातील भूप्रदेश : रझांच्या निमित्ताने

अमूर्त चित्रकलेची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांना होते. एक समीक्षक रंगाकारांमागे चित्रकाराचे गाव शोधतो. दुसरा मर्ढेकरांच्या संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांचा आधार घेऊन चित्राबाहेरचे सारेच अप्रस्तुत ठरवतो. सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांची चित्रे पाहता या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात.

रझांचा जन्म मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात असल्याने बालपण नर्मदेच्या परिसरातील अरण्यात गेले. त्या अरण्यातील रात्रीचे भय आणि सकाळच्या उजेडाचा दिलासा यांविषयी त्यांनी स्वतःच सांगितले आहे. चंचल चित्त स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याची आठवणही सर्वश्रुत आहे. या दोन आठवणी एकत्र ठेवल्या की ‘बिंदू’चा उलगडा झाला, असे सामान्यतः मानले जाते. तथापि कालक्रम या सुलभ स्पष्टीकरणाला दुजोरा देत नाही.

नागपूर आणि मुंबईचे जे. जे. येथे शिक्षण घेऊन रझा १९५० साली फ्रान्सला गेले. पुढील सुमारे दोन दशके त्यांनी प्रामुख्याने तेथील गावे, चर्च आणि टेकड्या रंगवल्या. आरंभी त्या रेखीव होत्या, पुढे रंगांच्या जाड थरांत विरघळत गेल्या. या परक्या भूदृश्यांपैकी काहींवर १९५०च्या दशकातच काळा सूर्य उगवलेला दिसतो. त्या वर्तुळाला ‘बिंदू’ हे नाव आणि केंद्रस्थान मिळाले ते मात्र पुष्कळ नंतर, १९८०च्या सुमारास. म्हणजे आकार आधी आला आणि स्मृतीने त्याला मागाहून ओळखले. ‘माँ’ (१९८१) या चित्रात नर्मदा नाही, वृक्ष नाही. काळे वर्तुळ आहे, रंगांचे पट्टे आहेत आणि अशोक वाजपेयी यांच्या कवितेची नागरी लिपीतील ओळ आहे. दूर राहिलेला प्रदेश येथे दृश्य म्हणून परतत नाही. रंगांतून आणि भाषेतून परततो.

यावरून असे म्हणता येईल की, स्मृती अमूर्त चित्रकाराला विषय पुरवीत नाही. ती कसोटी पुरवते. हा काळा रंग किती गडद असावा, लाल त्याच्या किती निकट यावा, या निर्णयांत ती कार्यरत असते. त्यासाठी तपशिलांचे विस्मरणही आवश्यक ठरते. पाने-फांद्या विसरल्या जातात, तेव्हाच अरण्याचा काळोख निखळ रंग म्हणून हाती येतो. रूपवादी समीक्षा या कसोटीचे मूळ नाकारते, तर चरित्रवादी समीक्षा मुळालाच फळ समजते.

हा प्रश्न केवळ चित्रकलेचा नाही. प्रादेशिक कादंबरी वा निसर्गकविता शिकवताना आपण नद्या, झाडे, बोलीतील शब्द यांची यादी करून ‘प्रदेश’ सिद्ध झाला असे मानतो. वस्तुतः लेखकाचा प्रदेश त्याच्या वाक्याच्या गतीत, त्याने गाळलेल्या गोष्टींतही असू शकतो. तेथवर पोचणारे वाचन वर्गात रुजवणे ही आपली जबाबदारी आहे. अन्यथा विद्यार्थ्यांच्या हाती नकाशा पडेल, साहित्यकृती मात्र निसटून जाईल.