वहीत न उतरलेले

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उल्हासनगरच्या बाजारातून एक फेरी मारावी. दुकानादुकानांत नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटलेले असते आणि शेठजी डोळे मिटून हात जोडून बसलेले असतात. हिशेब आता संगणकावर असतो, पण पूजेला वहीच लागते. आपल्या गावात आणखी एक वही आहे. तिची पूजा कोणी करीत नाही. पण तुमच्या-आमच्या जिवाचा हिशेब तिच्यात असतो. ती वही पोलीस ठाण्याची.

तिची आठवण होण्याचे कारण आमचे शेजारी तात्या. अंबरनाथच्या ऑर्डनन्समधून निवृत्त झाल्यापासून सकाळचे वर्तमानपत्र ते आमच्याकडे येऊन वाचतात, तेही मोठ्याने. परवा चकलीचा तुकडा मोडीत म्हणाले, "काय दिवस आले हो! खून काय, कोयते काय! आमच्या वेळी असं नव्हतं."

मी म्हटले, "तात्या, तुमच्या वेळी म्हणजे कधी? १९९० साल चालेल?"

तात्या चपापले. ज्यांना ते साल आठवते त्यांना अधिक सांगायला नको. १९९० मध्ये उल्हासनगरात घनश्याम आणि इंदर भठिजा या दोघा भावांचे काही महिन्यांच्या अंतराने खून झाले. इंदरच्या खुनाबद्दल माजी आमदार पप्पू कलानी यांना जन्मठेप झाली ती २०१३ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. त्या काळी संध्याकाळी दुकानाची फळी लवकर पडे.

"म्हणजे आता रामराज्य आलं म्हणता?" तात्या काही सोडणारे नव्हेत. "आणि २ फेब्रुवारी २०२४ ला हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द साहेबांच्या खोलीत, आमदाराने दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्या, ते?"

तात्यांचे खरे होते. पण अशी एक घटना डोळ्यांसमोर इतकी मोठी होते, की तिच्यामागचे आकडे झाकले जातात. १९९२ च्या सुमारास आपल्या देशात वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास खून होत. २०२२ मध्ये नोंद झाली २८,५२२ खुनांची. मधल्या काळात लोकसंख्या दीडपटीहून अधिक झाली. म्हणजे माणशी हिशेब केला तर खुनाचे प्रमाण निम्म्यावर आले. ऐकायला चमत्कारिक वाटते खरे.

आपल्या तीन गावांचे वेगळे गणित मात्र सहज हाती लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात आणि देशाच्या वार्षिक अहवालात त्यांचा आकडा ठाण्याच्या आकड्यात विरघळून जातो. शिवाय गावे स्वस्थ बसलेली नाहीत. २००१ मध्ये बदलापूरची वस्ती होती सुमारे ९८ हजार, ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत माणसे पाऊणपट वाढली. गुन्हेही तेवढेच वाढले असते तर तुमची-माझी भीती एका रतीनेही वाढायला नको. दुसरे असे, की लहान गावात लहान आकडा फार उड्या मारतो. समजा, एका वर्षी दहा खून झाले आणि पुढच्या वर्षी चौदा. की झाला मथळा तयार, 'खुनात चाळीस टक्के वाढ!'

इतका वेळ आतून ऐकणाऱ्या वहिनी पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "भाऊजी, तुमच्या त्या आकड्यांत माझं मंगळसूत्र कुठे आहे हो?"

मी निरुत्तर झालो. गेल्या वैशाखात स्टेशनवरून येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी वहिनींच्या गळ्यातले मंगळसूत्र ओढले. त्या पडल्या, कोपराचे हाड दुखावले. एका पोलीस ठाण्यात दोन तास बसल्यावर हातात कागद आला तो 'मंगळसूत्र गहाळ' झाल्याचा! जणू ते भाजीच्या पिशवीतून कुठे घरंगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा हिसकावणीसाठी ३०४ हे स्वतंत्र कलम आहे. पण कलम काय करणार? गहाळ झालेल्या वस्तूला चोर नसतो, आणि वहीत गुन्हाही नसतो.

वाचकहो, गोम आहे ती इथे. खून लपवणे कठीण. प्रेत स्वतःच फिर्याद देते. म्हणून खुनाचा आकडा पुष्कळसा भरवशाचा. मारहाण, हिसकावणी, विनयभंग, बलात्कार यांचे आकडे मात्र दोन गोष्टींवर अवलंबून: घरचे माणूस ठाण्याची पायरी चढते का, आणि पायरीवरचा माणूस लिहून घेतो का. २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात माणसे इतकी बिघडली असे कोण म्हणेल? दिल्लीच्या त्या प्रकरणानंतर कायद्यातली व्याख्या रुंदावली, आणि झाकलेले तोंड उघडले. आकडा वाढला, पण ती वाढ बरीचशी धैर्याची होती.

उलट नोंद टाळली तर काय होते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने पाहिले. बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाल्याची फिर्याद घेऊन गेलेल्या आईबापांना ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या थांबल्या. पोलीस अधिकारी निलंबित झाले, उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि त्याच्यावरचा खटला उभा राहिलाच नाही.

आरोपी शाळेतलाच कर्मचारी होता हे विसरू नये. देशभरच्या बलात्काराच्या नोंदींत आरोपी ओळखीचा निघण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे शेकडा नव्वदच्या वर आहे. आपण मुलींना अंधाऱ्या गल्लीची भीती घालतो आणि ओळखीच्या काकांना नमस्कार करायला लावतो.

कायदा आता आपल्या बाजूने बरेच बोलतो. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, दखलपात्र असेल तर ठाण्याने तो लिहून घेतलाच पाहिजे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. नकार मिळाला तर सगळे लिहून वरिष्ठांकडे टपालाने पाठवता येते, त्यानेही भागले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मुलांवरील अत्याचाराची माहिती असून ती दडवणे हा तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हाच आहे. शाळाप्रमुखही त्यातून सुटत नाही.

हे सारे ऐकून तात्या बराच वेळ गप्प होते. मग चष्मा पुसून म्हणाले, "मी तेव्हा हिला म्हणालो होतो, जाऊ दे, नसती झंझट नको."

वहिनींनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी आतून कोरा कागद आणि पेन आणून तात्यांपुढे ठेवले. तात्यांनी चकलीची बशी बाजूला सारली आणि लिहायला घेतले. गहाळ हा शब्द त्यांनी एकदाच लिहिला, आणि तोही खोडला.