कनातीतला इतिहास

मराठी रंगभूमी १८४३ साली सांगलीत जन्मली, हे आपण पाठ करतो. मग आमच्या अहमदपूरशेजारी, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेतल्या तमाशाच्या कनाती कोणत्या इतिहासात बसतात? ‘लोककला’ म्हणून त्यांना परिशिष्टात ढकलणे ही विद्वत्ता नव्हे, निव्वळ सोवळेपणा आहे.

जॉन स्लोन या अमेरिकी चित्रकाराने १९०५ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ढोल अंगावर बांधून खेळ करणारा वादक एचिंगमध्ये कोरला. त्याच मालिकेतील चार चित्रे १९०६ मध्ये प्रदर्शनातून ‘असभ्य’ म्हणून वगळली गेली. आज ती मालिका संग्रहालये अभिमानाने जपतात!

आपल्याकडे सोंगाड्या आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलेला शेतकरी कोणी इतक्या आस्थेने कोरला? बालगंधर्वांच्या छायाचित्रांना मात्र तोटा नाही.